दगडावरचे नाव : कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वाटचाल

28 ऑक्टोबर 1914 रोजी फ्रान्समधल्या नव्ह शापेल या खेड्यावर हल्ला करण्यासाठी 47व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या, विसावी आणि एकविसावी, पुढे सरकल्या. खंदक खणणे, पूल बांधणे, सुरुंग लावणे हे त्यांचे शिकलेले काम, पण त्या दिवशी त्यांना साध्या पायदळासारखे वापरले गेले. घराघरांतून हातघाईची लढाई झाली. गाव हाती आले, पण राखता आले नाही. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले आणि शिपायांची तर दाणादाण उडाली. त्या रणधुमाळीत पडलेल्यांना उचलून आणायला कोणी उरले नव्हते.

आज त्याच नव्ह शापेलच्या रस्त्यालगत भारतीय सैनिकांचे स्मारक उभे आहे. खडकीत, मुळा नदीच्या बाजूला, दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 परदेशी आणि देशी सैनिकांची दफनभूमी आहे. इथली माणसे तिथे, तिथली माणसे इथे. ही दोन्ही ठिकाणे एकच संस्था सांभाळते : कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. 150हून अधिक देश, 23,000 ठिकाणे आणि दोन महायुद्धांतले सुमारे 17 लाख मृत एवढा तिचा पसारा आहे. तिचा इतिहास इंग्रजीत पुष्कळ लिहिला गेला आहे. मराठी वाचकासाठी तो सांगताना मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावासा वाटतो : कोणाचे नाव दगडावर आले, कोणाचे वहीतच राहिले आणि कोणाचे कुठेच नाही?

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात साधा शिपाई मेला की सामुदायिक खड्ड्यात जाई. नाव कोरले जाई ते सरदाराचे, फार तर एखाद्या अधिकाऱ्याचे. आपल्याकडे गावोगावच्या वीरगळांवर लढवय्याची मूर्ती असते, वर स्वर्गारोहण असते, सूर्यचंद्र असतात, पण नाव बहुधा नसते. गावाला तो कोण हे ठाऊक असे आणि तेवढे पुरे होई. पण 1914चे युद्ध गावाच्या ओळखीबाहेरचे होते. माणूस मरत होता घरापासून हजारो मैलांवर, आणि त्याच्याबरोबर त्याला ओळखणारेही मरत होते.

फेबियन वेअर हा या संस्थेचा जन्मदाता. ट्रान्सवालमध्ये शिक्षण खात्याचा कारभार पाहिलेला, नंतर 'मॉर्निंग पोस्ट' या दैनिकाचा संपादक झालेला हा गृहस्थ युद्ध सुरू झाले तेव्हा पंचेचाळिशीचा होता. सैन्यात घ्यायला वय उलटलेले, म्हणून तो ब्रिटिश रेड क्रॉसच्या एका फिरत्या तुकडीचा प्रमुख होऊन सप्टेंबर 1914मध्ये फ्रान्सला पोहोचला. जखमींना गोळा करता करता त्याच्या लक्षात आले की मेलेल्यांची नोंद ठेवणारे कोणीच नाही. शेताच्या बांधावर, वीटभट्टीमागे, चर्चच्या आवारात घाईघाईने पुरलेल्या माणसांवर लाकडी फळीचा क्रूस आणि पेन्सिलीने लिहिलेले नाव. दोन पाऊस झाले की पेन्सिल धुऊन जाई, आणि तोफांचा मारा पुन्हा त्याच शेतावर फिरला की क्रूसही जाई. वेअरने आपल्या माणसांना वह्या दिल्या. कबर कुठे, कोणाची, खूण काय, एवढे लिहायचे आणि जमेल तिथे टिकाऊ खूण लावायची. मार्च 1915मध्ये लष्कराने या कामाला अधिकृत मान्यता दिली आणि ऑक्टोबरपर्यंत 31,000हून जास्त कबरी नोंदल्या गेल्या. नातेवाईकांची पत्रे येऊ लागली, कबरीचे छायाचित्र मागू लागली. घरच्यांना छायाचित्र पाठवणे हे या तुकडीचे पहिल्या वर्षांतले मोठे काम होते. पुढच्या शंभर वर्षांची सगळी इमारत त्या वह्यांवर उभी आहे, हे विसरून चालणार नाही.

त्याच वसंतात आणखी एक गोष्ट ठरली, आणि तिने संस्थेचा स्वभाव ठरवला. एप्रिल 1915मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू रणांगणावर मारला गेला. खासदार, मोठे घराणे. त्याचे शव खास परवानगीने इंग्लंडला आणून घरच्या गावी पुरले गेले. वेअरला यातला अन्याय स्पष्ट दिसला : ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे त्याचा मुलगा घरी येईल, मजुराचा मुलगा फ्रान्समध्येच राहील. त्यानंतर लष्कराने मृतदेह मायदेशी नेण्यास सरसकट बंदी केली. फ्रान्सने वर्षअखेर कायदा करून दफनभूमींच्या जमिनी मृतांच्या विसाव्यासाठी कायमच्या दिल्या. एका आईला मुलाचे शव नाकारणे हे किती कठोर, आणि सगळ्यांच्या आयांना सारखेच नाकारणे हे किती न्याय्य, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पुढे जन्मलेल्या आयोगाला याच प्रश्नावर शिव्या खाव्या लागल्या.

21 मे 1917 रोजी राजाच्या सनदेने 'इम्पिरियल वॉर ग्रेव्हज कमिशन' स्थापन झाले. प्रिन्स ऑफ वेल्स अध्यक्ष, वेअर उपाध्यक्ष. त्याच वसंतात लंडनला भरलेल्या साम्राज्याच्या युद्धपरिषदेत सनदेचा विषय संमत झाला होता, आणि तिथे बिकानेरचे महाराज व सत्येंद्रप्रसन्न सिन्हा भारतातर्फे बसले होते. ब्रिटिश म्युझियमचे संचालक सर फ्रेडरिक केन्यन यांना आराखडा करायला सांगितले गेले. 1918च्या त्यांच्या अहवालातले मुख्य तत्त्व एवढेच : अधिकारी आणि शिपाई, श्रीमंत आणि गरीब, एका धर्माचा आणि दुसऱ्या धर्माचा, सगळ्यांचा दगड सारखा. उंची 2 फूट 8 इंच, रुंदी 1 फूट 3 इंच. वर पलटणीचे चिन्ह, खाली हुद्दा, नाव, तारीख, वय, धर्माची खूण आणि तळाशी घरच्यांना आपल्या मनाच्या चार शब्दांसाठी जागा, मोकळ्या जागा धरून 66 अक्षरांपर्यंत. त्या अक्षरांसाठी ब्रिटनमध्ये सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स मागितले गेले. गरीब घरांनी त्यामुळे दोन शब्द कमी कोरून घेतले असतील. समतेच्या संस्थेला हे शोभणारे नव्हते, आणि पुढे ते पैसे ऐच्छिक करण्यात आले.

एडविन लुट्येन्स, हर्बर्ट बेकर आणि रेजिनाल्ड ब्लॉमफील्ड हे तीन प्रमुख वास्तुकार. त्यातल्या दोघांचा दिल्लीशी जन्माचा संबंध. लुट्येन्सने प्रत्येक मोठ्या दफनभूमीसाठी एक लांबट शिळा रेखाटली. तिच्यावर कुठल्याही धर्माची खूण नको, असा त्याचा हट्ट होता. हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू आणि नास्तिक यांच्यापुढेही ती उभी राहणार, हे त्याच्या मनात स्पष्ट होते. त्यातून तडजोड झाली : शिळाही आणि ब्लॉमफील्डचा दगडी क्रूसही. क्यू उद्यानाच्या तज्ज्ञांनी झाडे आणि हिरवळ यांचा विचार केला. कबरींच्या ओळींमधून घरच्या बागेतली फुले लागली. शब्दांचे काम रडयार्ड किपलिंगकडे गेले. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाचा एकुलता एक मुलगा सप्टेंबर 1915मध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता आणि बाप जिवंत असेपर्यंत त्याचा देह सापडला नाही. ज्यांचे नाव कळले नाही अशा हजारो दगडांवर काय लिहायचे, हे ठरवणारा माणूस स्वतः त्याच दुःखात होता.

विरोध मात्र जबरदस्त झाला. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी 8,000हून अधिक सह्यांचा अर्ज केला. क्रूसाच्या आकाराचा दगड हवा, घरच्यांना निवडीचा हक्क हवा, ही मागणी. 4 मे 1920 रोजी कॉमन्स सभागृहात दिवसभर चर्चा झाली. बर्डेट-कूट्स या सभासदाने किपलिंगचे पत्र वाचले. ज्यांच्या मुलाचे नाव एका ठाऊक जागेवरच्या दगडावर आहे ते किती भाग्यवान, हे त्यांना कळत नाही, असा त्याचा आशय होता. त्या दिवशी आयोगाचे तत्त्व टिकले. मला हा प्रसंग संस्थेच्या इतिहासातला सर्वात मोठा वाटतो, कारण तत्त्व लिहिणे सोपे असते. रडणाऱ्या आईसमोर ते टिकवणे कठीण.

मग काम वेगाने झाले. 1923पर्यंत आठवड्याला सुमारे 4,000 दगड फ्रान्सला जात होते. 1927ला ईप्रचे मेनिन गेट उघडले, 54,000हून अधिक नावांसह, आणि 1932ला थिएपव्हल, 72,000हून अधिक नावांसह.

भारतीयांसाठी वेगळा विचार लागणार होता, कारण हिंदू आणि शीख शिपायाची कबर होत नाही. दहन झाले की राख नदीला किंवा समुद्राला मिळते. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या इस्पितळांत मेलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांना शहराबाहेरच्या पॅचम टेकडीवर अग्नी दिला गेला होता. तिथे 1 फेब्रुवारी 1921 रोजी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. आपल्या गावाकडच्या समाधीवर असते तशीच छत्री इंग्रजी गवताळ टेकडीवर! त्या 53 जणांची नावे कोरलेली शिळा मात्र तिथे यायला 2010 उजाडले. फ्रान्स आणि जर्मनीत जिथे हिंदू शिपायांच्या नावाचे दगड आहेत तिथे वर 'ॐ भगवते नमः' ही अक्षरे देवनागरीत कोरलेली आढळतात.

नव्ह शापेलचे स्मारक 7 ऑक्टोबर 1927 रोजी भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड यांनी उघडले. फ्रेंच सेनापती फॉश हजर होते, किपलिंग होते. हर्बर्ट बेकरने रेखाटलेला गोल प्राकार, मध्ये सुमारे 15 मीटर उंचीचा स्तंभ, त्यावर कमळ, तळाशी दोन्ही बाजूंना वाघ, आणि भिंतीवर 4,700हून अधिक नावे. शिपायाचे, नाइकाचे, हवालदाराचे, साहेबाचे, आणि ओझी वाहणाऱ्या मजुराचेही नाव. खडकीच्या सॅपर्सची नावे याच भिंतीवर आहेत. केन्यनचे तत्त्व इथे पूर्ण पाळले गेले.

मुंबई बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्येही आयोगाचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या, पाण्याशिवाय दुसरी कबर नसलेल्या 2,000हून अधिक खलाशांची ती आठवण. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक जणांचीही नोंद तिथे ठेवलेली आहे. बोटीवर कोळसा लोटणारे, भांडी घासणारे, डेक धुणारे खलाशी कोकणातून, गोव्यातून, बंगालमधून येत. मुंबईकर रोज त्या रस्त्याने जातात. रत्नागिरीकडचा मुंबईला आलेला माणूस आपल्याच गावच्या नावासाठी तिथे जाऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे, याचे मला वाईट वाटते.

आता मेसोपोटेमियाकडे वळतो, आणि इथे थांबायला हवे. 1914च्या शेवटी बसऱ्याला उतरलेली सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' म्हणून ओळखली जाई. तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. साताऱ्याचे, कोल्हापूरचे, रत्नागिरीचे शेतकरी. टायग्रिसच्या काठाने ते बगदादच्या तोंडाशी, टेसिफोनपर्यंत गेले, तिथून मागे हटत कूत-अल-अमारात अडकले. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 असा वेढा. शेवटी उपासमार, घोड्यांचे मांस, शरणागती. त्यानंतर कैद्यांची वाळवंटातली पायपीट, आणि त्या वाटेवर मरणाऱ्यांचा हिशेब ठेवायला कोणी वेअर नव्हता. इतर पलटणी सुटकेसाठी वर चढल्या, त्याही कापल्या गेल्या.

1929ला बसरा स्मारक उघडले. युद्धात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या 40,000हून अधिक सैनिकांसाठी. तिथे ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले आहे. भारतीय अधिकाऱ्याचेही आहे. पण भारतीय शिपायाच्या पलटणीपुढे फक्त आकडा आहे. अमुक पलटण, इतके इतर. नावे आयोगाच्या नोंदवह्यांत राहिली, बापाच्या आणि गावाच्या नावासकट, पण दगडावर आली नाहीत. साताऱ्याचा माणूस नव्ह शापेलला पडला तर भिंतीवर नाव, बसऱ्याला पडला तर आकडा. याचे कारण त्या काळात असे दिले गेले की भारतीयांच्या नोंदी अपुऱ्या आहेत, आणि वैयक्तिक स्मारकाची त्यांना फार गरजही नाही.

हे कारण पुण्यात राहणाऱ्या माणसाला तरी पटू नये. पुण्यापासून जेमतेम 30 किलोमीटरवर भीमा कोरेगावला जो स्तंभ उभा आहे त्याचा पाया 1821 मध्ये घातला गेला. 1 जानेवारी 1818च्या लढाईत पडलेल्या कंपनी सरकारच्या देशी शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्या नावांचे मोल काय, हे दर वर्षी तिथे जमणाऱ्या जनसागराकडे पाहून कोणालाही समजेल. म्हणजे आयोगाच्या जन्माच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, याच मुंबई इलाख्यात, इंग्रजांनीच साध्या शिपायाचे नाव दगडावर आणून दाखवले होते. इच्छा असेल तर नोंद होते.

बसरा स्मारकाचेही पुढे हाल झाले. 1997मध्ये इराकच्या अध्यक्षांच्या हुकमाने ते मूळ जागेवरून उचलून सुमारे 32 किलोमीटर दूर, नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन उभे करण्यात आले.

दिल्लीचे इंडिया गेट हेही आयोगाचेच काम. लुट्येन्सचा आराखडा, 1921ला पायाभरणी, 1931ला उद्घाटन, आणि तेरा हजारांहून अधिक नावे. वायव्य सरहद्दीवर आणि भारतात मेलेल्यांची ती मुख्यतः नोंद. त्याखालून गेलेल्या किती जणांनी भिंतीवरचे एक तरी नाव वाचले असेल?

दुसऱ्या महायुद्धाने सहा लाख मृतांची भर घातली. हे काम मात्र पहिल्या वेळेपेक्षा शिस्तीत झाले, पद्धत बसलेली होती. कोहिमाला डेप्युटी कमिशनरच्या टेनिस कोर्टावर झालेल्या लढाईच्या जागेवरच दफनभूमी झाली : 1,420 कबरी, आणि दहन झालेल्या 917 हिंदू व शीख सैनिकांचे नावानिशी स्मारक. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर नाइक यशवंत घाडगे यांचे नाव आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात मशिनगनच्या तोंडावर एकटे चालून गेले आणि पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, नाव आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

खडकीची दफनभूमी याच युद्धानंतरची. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, ज्यांची कायमची निगा राखणे अशक्य होते अशा कबरी इथे एकत्र आणल्या. जून 1962मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातल्या 629 सैनिकांचे अवशेष इथे हलवले गेले. पहिल्या युद्धात भारतात मेलेल्या आणि भारत-पाकिस्तानच्या छावण्यांतल्या जुन्या कब्रस्तानांत पडून राहिलेल्या 1,800हून अधिक जणांची नावे इथल्या स्मारकावर आहेत, त्यांत हे 629ही येतात. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून येऊन भारतात मेलेल्या 193 सैनिकांचीही इथे आठवण आहे. आफ्रिकेतल्या त्या घरांना पुण्याचे नाव तरी कळले असेल का, हा प्रश्न मला बसऱ्याची आठवण करून देतो.

वेअर 1949ला गेला. 1960ला संस्थेच्या नावातला 'इम्पिरियल' शब्द जाऊन 'कॉमनवेल्थ' आला. सभासद देश आपापल्या मृतांच्या प्रमाणात खर्च उचलतात. ब्रिटनचा वाटा सर्वात मोठा, भारताचा सुमारे 1 टक्का.

एप्रिल 2021मध्ये आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातल्या 45,000 ते 54,000 जणांचे स्मरण असमान रीतीने झाले, त्यांत भारतीय, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी, इजिप्शियन आणि सोमाली मुख्य. याखेरीज किमान 1,16,000, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे नावानिशी स्मरण झाले नाही, काहींचे तर मुळीच नाही. यात बिनहत्यारी हमाल आणि वाहतूकदार मोठ्या संख्येने होते. वंशभेदाच्या समजुती हे कारण अहवालाने उघड नोंदवले. आयोगाने माफी मागितली, ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत मागितली. शंभर वर्षे समतेच्या तत्त्वाचा अभिमान बाळगणाऱ्या संस्थेने स्वतःच्या वह्या उघडून ही चूक बाहेर काढली, याचा मी आदर करतो. पण आदरापेक्षा मोठी गोष्ट नावे आणण्याची आहे. ती सुरू झाली आहे : जानेवारी 2025मध्ये केपटाऊनला 1,700हून अधिक कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी कामगारांची नावे असलेले स्मारक उघडले. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या 3 लाख 20 हजार सैनिकांच्या गाववार नोंदवह्या सापडल्या आणि त्यांचे डिजिटल रूप होऊ लागले.

महाराष्ट्रातही हे काम होण्यासारखे आहे. अनेक गावांच्या चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर एक पांढरी फरशी असते : या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके परत आले नाहीत. तिथेही आकडाच. पण त्या गावात कोणाच्या तरी पेटीत पदक असते, ज्याच्या कडेवर पलटण, क्रमांक आणि नाव ठोकलेले असते. पेन्शनचा कागद असतो, साहेबाची सही असलेला दाखला असतो. बसऱ्याच्या आकड्यामागची नावे आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, पलटणीच्या नावाने आणि कधी कधी बापाच्या व गावाच्या नावानेही. रोमन लिपीत ती वाटेल तशी लिहिलेली असतात, म्हणून दोनतीन रीतींनी शोधावे लागते. ज्यांचे नाव कुठेच नाही, त्यांच्याबद्दल पुरावा जोडून आयोगाला अर्ज करता येतो आणि छाननीनंतर नाव नोंदले जाते. पदकाच्या कडेचा मजकूर, पलटणीचा क्रमांक, मृत्यूची तारीख किंवा निदान वर्ष, आणि नात्याचा दाखला, एवढे कागद गोळा करून ठेवावेत. गावच्या ग्रामपंचायतीने आपल्या फरशीवरच्या आकड्यापासून सुरुवात करावी, आधी गावातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारून.